नदीकाठाने सायकल सफर: या चुका टाळा

नदीकाठची सफर ठरवताना बहुतेकांचा हिशोब एकच असतो. नदी सपाट वाहते म्हणजे काठचा रस्ताही सपाट असणार, आणि प्रवाहाच्या दिशेने निघालं की सायकल आपसूक पळणार. पुढच्या बऱ्याच चुका याच समजुतीतून होतात. खोऱ्यातला प्रवास अवघड नाही, पण तिथे वारा, चढ आणि पूल यांचा विचार अंतराच्या आधी करावा लागतो.

उतार पाहून दिशा ठरवणे

डॅन्यूबकाठचा जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा मार्ग हा युरोपातला अतिशय लोकप्रिय सायकलमार्ग आहे. अंतर सुमारे ३२० किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात नदी उतरते दीडशे मीटरांच्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरसुद्धा नाही. एवढा उतार पायांना जाणवत नाही. जाणवतो तो वारा. ताशी १८ किलोमीटर वेगाने तुम्ही जात असाल आणि समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला, तर हवेचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो, कारण तो सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर दोन्ही बाजूंना फुगलेल्या बॅगा असतील तर आणखी भर.

तेव्हा आधी त्या खोऱ्यात वारा बहुधा कुठून वाहतो ते शोधा. पासाऊहून व्हिएन्नाला जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी राहण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे प्रवाहाची दिशा सोयीची ठरते. फ्रान्सच्या ल्वार नदीवर उलटं आहे. नदी पश्चिमेला अटलांटिककडे वाहते आणि वारा बहुतेकदा समुद्राकडून येतो, त्यामुळे तिथे प्रवाहाविरुद्ध, पूर्वेकडे जाणं सोपं. ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात उत्तरेकडून मिस्ट्रल हा जोरदार वारा सुटतो, तो दक्षिणेला जाणाऱ्याला ढकलतो आणि उत्तरेला जाणाऱ्याला अक्षरशः थोपवतो.

डोंगरांतल्या खोऱ्यात आणखी एक गोष्ट घडते. दिवसा ऊन पडलं की उतारावरची हवा तापून वर चढते, तिची जागा घ्यायला वारा खोऱ्यातून वरच्या अंगाला वाहू लागतो. दुपारी त्याचा जोर सर्वांत जास्त. त्यामुळे खाली उतरणाऱ्यालाच दुपारी समोरचा वारा लागतो. उपाय साधा आहे: पहाटे निघा आणि मोठा टप्पा दुपारच्या आत संपवा.

गाव नदीच्या पातळीवर आहे असं धरून चालणे

जुनी गावं वसवणाऱ्यांना पुराची भीती होती आणि शत्रूचीही. म्हणून किल्ला, देवालय, जुनी वस्ती सहसा काठापासून वर, एखाद्या सोंडेवर किंवा कड्यावर. मार्ग सपाट असला तरी प्रत्येक गाव पाहायचं म्हणजे एक चढ. ल्वारच्या सफरीत अनेकजण शिनों या जुन्या गावाला जातात. १४२९ साली फ्रान्ससाठी लढलेली जोन ऑफ आर्क तिथल्या सातव्या चार्ल्स राजाला भेटली तो किल्ला व्हिएन या ल्वारच्या उपनदीच्या वर डोंगरधारेवर पसरलेला आहे. डॅन्यूबकाठच्या ड्युर्नश्टाइनचे किल्ल्याचे अवशेषही गावाच्या डोक्यावर आहेत. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड तिथे कैदेत होता. वर पायीच जावं लागतं.

नकाशावर फक्त अंतर बघू नका, दिवसाची एकूण चढाई किती मीटर आहे ते बघा. गिअरचं म्हणाल तर पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राइतके किंवा त्याहून कमी हवेत. बोजा लादलेली सायकल दगडी फरसबंदीच्या गल्लीतून चढवताना याची किंमत कळते. शक्य असेल तिथे बॅगा मुक्कामी ठेवून रिकाम्या सायकलने वर जा.

नकाशाचं ॲप गावात सर्वांत जवळची वाट दाखवतं आणि ती कित्येकदा पायऱ्यांची निघते. आधी सायकल खाली लावून चालत डोकावून या. आणि या गल्ल्यांमध्ये माणसं राहतात. उतरून सायकल हातात धरून चालावं, जुन्या भिंतीला हँडल टेकवू नये. शतकानुशतकं टिकलेला चुना आपल्या कॅरियरने खरवडून निघावा, हे मला सहन होत नाही.

कोणता काठ, हे न ठरवणे

दोन्ही काठांवर मार्ग असला की वाटतं, मनाला येईल तेव्हा पलीकडे जाऊ. पण पूल हवा तिथे नसतो. डॅन्यूबच्या वाखाउ खोऱ्यात मेल्कपासून क्रेम्सच्या पुलापर्यंत तीसएक किलोमीटर नदीवर एकही पूल नाही. मधे आहेत त्या फेऱ्या, म्हणजे माणसं-सायकली पलीकडे नेणाऱ्या बोटी. श्पिट्सची फेरी तर इंजिनाशिवाय, आडव्या ताणलेल्या दोराच्या आधाराने प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते. अशा फेऱ्यांना वेळापत्रक असतं, हंगाम असतो, आणि पाणी चढलं की त्या बंद असतात. रोजच्या टप्प्यासाठी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: शेवटची फेरी किती वाजता, पुढचा पूल किती लांब, आणि पाहायची गावं कोणत्या काठावर.

दिवसाला फार अंतर ठरवणे

बोजा घेऊन ताशी बारा ते पंधरा किलोमीटर हा प्रामाणिक वेग आहे. साठ किलोमीटर म्हणजे चार-पाच तास नुसतं पॅडल मारणं. त्यात दोन गावं नीट पाहायची, तर दिवस भरला. शंभर किलोमीटरचा टप्पा जमेलही, पण मग गावाचं प्रवेशद्वार तेवढं दिसेल. माझ्या मते इतिहास पाहायला निघालेल्याने दिवसाला पन्नासच्या वर जाऊच नये.

सगळा भार मागे

मागच्या कॅरियरवर सगळं लादलं की पुढचं चाक हलकं होतं आणि उतारावर हँडल थरथरू लागतं. तसं झालं तर हँडल घट्ट आवळू नका. गुडघे फ्रेमच्या आडव्या नळीला टेकवा आणि ब्रेक हळूहळू दाबत वेग कमी करा. मग थांबून जड वस्तू खाली, चाकाच्या धुरीजवळ आणा, थोडा भार पुढे घ्या, कॅरियरचे बोल्ट तपासा. धक्क्यांनी ते ढिले होतातच. दोन-चार जादा बोल्ट आणि प्लॅस्टिकचे पट्टे सोबत हवेतच.

मागच्या चाकाची तार (स्पोक) तुटते तीही याच भारामुळे. तार तुटली की रिम विरुद्ध बाजूला ओढली जाते, चाक आऊट होतं आणि ब्रेकला घासू लागतं. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळून टाका. तिच्या दोन्ही बाजूंच्या लगतच्या तारा पान्याने अर्धा-अर्धा फेरा ढिल्या करा, रिमचा ब्रेक असेल तर तो थोडा मोकळा करा. मागच्या चाकाचा बराच भार पुढे घ्या आणि सावकाश पुढच्या दुरुस्तीवाल्यापर्यंत जा. चेनच्या बाजूची तार बदलायला बहुधा कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, उतरवावी लागते, म्हणून योग्य लांबीच्या तारा जवळ असल्या तरी ते काम रस्त्यात होईलच असं नाही.

टायर दगडासारखं फुगवणे

टायरवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नाही. खडीच्या किंवा फरसबंदीच्या वाटेवर कडक टायर उसळतं, पकड सोडतं, हात बधिर करतं. ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचं टायर त्या मर्यादेच्या बरंच खाली चालवा. मात्र लादलेल्या सायकलीवर फार कमी हवाही धोक्याची.

पंक्चर पुन्हापुन्हा होत असेल तर ट्यूबच वाचा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी पडली आणि दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटली. बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र असेल तर काटा अजून टायरमध्येच आहे. ट्यूब टायरशेजारी धरून छिद्राची जागा जुळवा, आतून बोट जपून फिरवा. छिद्र आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. ती सरळ केल्याशिवाय कितीही सोल्यूशन लावा, उपयोग नाही.

आभाळ कोरडं म्हणून वाटही कोरडी समजणे

पाऊस वरच्या अंगाला पडतो आणि पाणी दोन दिवसांनी तुमच्यासमोर येतं. काठाची वाट पाण्याखाली असेल तर खोली आजमावायला जाऊ नका, बांधावरचा किंवा वरचा रस्ता धरा. पूर ओसरल्यावर उरणारा गाळ तर पाण्याहून फसवा, वळणावर चाक सरळ निसटतं. त्या दिवशी संध्याकाळी चेन आणि ब्रेकचे पॅड पुसून काढा. वाळूचे कण पॅडमध्ये रुतले की रिम खरवडली जाते.

निरभ्र, शांत रात्रीनंतर खोऱ्यात धुकं साचतं, विशेषतः शरद ऋतूत. ऊन वर आलं की ते विरतं. तोवर पुढचे-मागचे दिवे चालू ठेवा.

दुखणं अंगावर काढणे

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. तीन-चार मिलिमीटरच बदला आणि दिवसभर पाहा. जड गिअर रेटत चढू नका. करंगळ्या बधिर होत असतील तर हातांची पकड वारंवार बदला, कोपर किंचित वाकवा.

शेवटचं काम निघण्याआधीच करायचं आहे. नदीची सफर एकाच दिशेने होते, परतीला रेल्वे लागते. युरोपातल्या पुष्कळ लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये सायकलची जागा वेगळी आरक्षित करावी लागते आणि उन्हाळ्यात ती लवकर संपते. स्वतःच्या तिकिटाबरोबरच सायकलचंही तिकीट काढा, आणि एक राखीव दिवस हाताशी ठेवा.