डेअरीचा निरोप टेलिग्रामवर: पायथॉन लायब्ररीने बॉट कसा चालवावा

खानापूर तालुक्यात झड लागली की दुधाच्या गाडीच्या वेळेचा भरवसा राहत नाही. डेअरीत दूध घालणाऱ्या प्रत्येक घरी फोन करत बसण्यापेक्षा टेलिग्रामच्या ग्रुपवर एकदम निरोप गेलेला बरा. पायथॉनची जुजबी ओळख असली तरी हे जमतं.

बॉट म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामने चालवलेलं टेलिग्राम खातं. आपल्या कोडने ते चालवायची सोय, म्हणजे बॉटचा वेब एपीआय, टेलिग्रामने २०१५ साली खुली केली. ठरलेल्या पत्त्यावर विनंती पाठवायची, उत्तर जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या मजकुरात येतं. ‘पायथॉन टेलिग्राम बॉट’ ही लायब्ररी ती जुळवाजुळव आपल्यासाठी करते.

आधी टेलिग्राममध्ये ‘बॉटफादर’ला, म्हणजे नवे बॉट बनवून देणाऱ्या टेलिग्रामच्याच बॉटला, ‘न्यूबॉट’ ही आज्ञा द्या. तो टोकन देईल. टोकन म्हणजे घराची किल्ली. ते ज्याच्या हाती पडेल, तो डेअरीच्या नावाने काहीही पाठवू शकेल. म्हणून ते कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर संगणकाच्या सेटिंगमध्ये ठेवा. कुणाची मदत मागताना स्क्रीनचा फोटो पाठवाल, तर त्यात टोकन दिसत नाही ना, एवढं बघा. फुटलंच तर बॉटफादरकडून लगेच रद्द करून नवं घ्या.

मग ‘पिप’ या पायथॉनच्या साधनाने लायब्ररी बसवा आणि ‘गेट मी’ चालवून बघा. बॉटचं नाव परत आलं की टोकन बरोबर आहे.

इथे नवखे हमखास अडकतात. आवृत्ती २० पासून ही लायब्ररी असिंक झाली, म्हणजे उत्तराची वाट पाहताना प्रोग्राम इतर कामं करू शकतो. त्यामुळे टेलिग्रामला विनंती करणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या हाकेआधी ‘अवेट’ हा शब्द लागतो. जुन्या धड्यांतला कोड जसाच्या तसा उतरवला तर चालत नाही. धडा कोणत्या आवृत्तीचा, ते आधी पाहा.

आता बॉटला ग्रुपमध्ये घ्या, तिथे तिरकी रेघ देऊन एखादी आज्ञा लिहा आणि ‘गेट अपडेट्स’ने बॉटकडे आलेले नवे संदेश मागवा. उत्तरात ग्रुपचा क्रमांक सापडेल. तो उणे चिन्हासकट घ्या. तो क्रमांक आणि मजकूर ‘सेंड मेसेज’ला दिला की निरोप गेला.

फार भराभर निरोप पाठवल्याने ‘रिट्राय आफ्टर’ ही चूक (एरर) आली तर ती सांगेल तितके सेकंद थांबा. साधा ग्रुप पुढे सुपरग्रुप, म्हणजे टेलिग्रामचा मोठा ग्रुप झाला तर क्रमांक बदलतो. ‘चॅट मायग्रेटेड’ या चुकीतच नवा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

आमच्याकडे निरोप मराठी आणि कन्नड दोन्हींत द्यावा लागतो. एकाच संदेशात दोन्ही लिप्या बिनघोर चालतात. मर्यादा ४०९६ अक्षरांची आहे, पण काना-मात्राही त्यात वेगळे मोजले जातात.