जुन्या फर्मी कार्डावर १४४०पी: २२५ची वेस ओलांडण्याआधीची तयारी

नवा २५६० × १४४०चा मॉनिटर आणला, जुन्या पीसीच्या एचडीएमआयला लावला, आणि लिनक्सच्या यादीत ६० हर्ट्झ दिसतच नाही. मॉनिटर परत करायला धावू नका. कार्ड एनव्हिडियाचं असेल तर अडवणारा बहुतेक वेळा नूवो, म्हणजे लिनक्समधला एनव्हिडिया कार्डांचा मुक्त ड्रायव्हर असतो, आणि त्याने अडवलेलं आपण सोडवू शकतो. पण आधी थोडी तयारी हवी.

पहिलं काम कार्डाची पिढी ओळखण्याचं: फर्मी जुनी, केप्लर तिच्यानंतरची. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका: जीटी ६३० या एकाच नावाखाली फर्मी आणि केप्लर दोन्ही चिपा विकल्या गेल्या. कर्नलच्या बूट नोंदींत नूवोची ओळ शोधा. चिपचं नाव जीएफने सुरू होत असेल तर फर्मी, जीकेने असेल तर केप्लर. एचडीएमआयवर नूवो फर्मीला जास्तीत जास्त २२५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवण्याचा वेग) देतो, केप्लरला २९७. हे आकडे हात राखून ठेवलेले आहेत. काही फर्मी कार्डं २९७ पेलतात, पण कोणती ते ओळखायचं कसं हे कळत नाही, असं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनीच कोडच्या टिपेत लिहून ठेवलंय. म्हणजे ते ठरवायचं काम तुमच्यावर आलं.

मग कागद-पेन्सिल घ्या. पडद्यावर २५६० × १४४० ठिपके दिसत असले तरी मधली रिकामी जागा धरून, तीही कमीत कमी ठेवली तर, २७२० × १४८१ पाठवावे लागतात. साठने गुणलं की सेकंदाला सुमारे २४२ दशलक्ष ठिपके, म्हणजे २४२ मेगाहर्ट्झ. प्रमाणित आकडा २४१.५ मेगाहर्ट्झ. वेस ओलांडायची ती एवढ्या सोळा-सतरासाठी. इथेच एक प्रश्न स्वतःला विचारा: ५५ हर्ट्झवर भागेल का? तेच गणित २२१.६वर येतं, मर्यादेत बसतं. मॉनिटरने ५५ स्वीकारलं तर हाताने मोडलाइन (पडद्याच्या मोडचे आकडे सांगणारी ओळ) लिहून काम होतं, ड्रायव्हरला हातही लावावा लागत नाही. फक्त कोडिंग आणि ईमेल करणाऱ्याला मी हाच मार्ग सांगेन.

साठच हवं असेल तर ईडीआयडी, म्हणजे मॉनिटर स्वतःबद्दल कार्डाला पाठवतो ती माहिती, वाचा. मॉनिटरने स्वतःला एचडीएमआय म्हणवलं नसेल (डीव्हीआय कन्व्हर्टर मध्ये असला की हे होतं) तर ड्रायव्हर त्याला डीव्हीआयच समजतो, मर्यादा १६५वर येते आणि मर्यादा वाढवणारं जे पॅरामीटर पुढे सांगतोय, ते त्याला लागूच होत नाही. केबल आखूड आणि धड घ्या. खणातली जुनी लांबलचक केबल २२५पर्यंत चालली म्हणून पुढेही चालेल असं नाही.

आता परतीची वाट. दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून कमांड देण्याची सोय) या पीसीत शिरता येतं का ते आधीच करून बघा आणि आयपी पत्ता कागदावर लिहा. काळ्या पडद्यावर तो वाचता येत नाही. जुना मॉनिटर लगेच माळ्यावर टाकू नका.

पॅरामीटरचं नाव एचडीएमआयएमएचझेड, सलग, इंग्रजी लहान अक्षरांत. पहिल्यांदा ते कुठल्याही फाइलीत लिहू नका. पीसी सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या (बूट लोडरच्या) मेनूत ‘ई’ दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी नूवो, टिंब, हे नाव, बरोबरचं चिन्ह आणि २४२ लिहा (nouveau.hdmimhz=242). हा बदल एका बूटपुरताच टिकतो. पडदा काळा राहिला तर रीस्टार्ट करा, सगळं पूर्ववत. लागतो तेवढाच आकडा द्या. ‘देऊन टाकू ६००’ म्हणणारे भेटतात. मग मॉनिटर जे जे मागेल ते ड्रायव्हर मुकाट मान्य करतो, आणि फोर-के टीव्ही लावलेला असेल तर डेस्कटॉप न पेलणारा मोड स्वतःहून निवडून बसतो. शिवाय ३४०च्या पुढे एचडीएमआयला स्क्रँबलिंग (सिग्नलमधले बिट ठरावीक पद्धतीने मिसळून पाठवणं) लागतं. ते जुन्या चिपमध्ये नाहीच, आकडा वाढवून येणारही नाही.

चित्र आलं की लगेच खूश होऊ नका. गडद राखाडी चित्र पूर्ण पडद्यावर लावून दोन-तीन तास राहू द्या. पांढरे ठिपके चमकले, किंवा पडदा क्षणभर काळा होऊन परतला, तर आधी केबल बदला. तरीही तेच असेल तर ५५वर या. काही झालं नाही तरच मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरात या पॅरामीटरची ओळ लिहा आणि इनिट-रॅम-एफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टिम, पुन्हा बांधा. नूवो त्यातूनच लवकर लोड होत असेल आणि हे राहिलं, तर रीबूटनंतर पुन्हा २२५च.