ठाण्याच्या गॅलरीत भूत जोलोकिया

भूत जोलोकिया मूळची आसाम-नागालँडकडची. २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. ज्वाला किंवा लवंगीसारखीच ही एक मिरची, असं समजून लावलं की पहिली चूक होते. हिची प्रजातीच वेगळी आहे आणि चालही मंद. कुंडीत लावलेल्या रोपाला पिकलेलं फळ यायला चार-पाच महिने लागतात.

थंड देशांतले लोक शेवटचं दव कधी गोठतं ते पाहून त्याच्या आठ-दहा आठवडे आधी घरात बी पेरतात. ठाण्यात दव गोठत नाही, पण मागे मोजायला आपल्यालाही लागतं. दिवस ३४ अंशांच्या वर गेला किंवा रात्र २४ च्या खाली उतरेनाशी झाली की फुलं गळतात. म्हणजे फळधारणेला मोकळा काळ साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोवर झाड गुडघ्याएवढं हवं, म्हणून बी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पडलं पाहिजे. ऑक्टोबरमध्ये नुकतंच उगवलेलं रोप विकत आणून लावलं, तर फुलायची वेळ येईपर्यंत उन्हाळा तोंडावर येतो.

उगवायला २७-२८ अंश लागतात. थंड देशांत त्यासाठी ट्रेखाली विजेची चटई ठेवतात; आपल्याकडे ऑगस्टमध्ये घरात तेवढं तापमान असतंच. फक्त ट्रे एसीच्या खोलीत नको. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. तीन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत घेऊन त्यात अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. उगवायला १५ ते ३० दिवस लागतात. आठव्या दिवशी उकरून बघू नका.

या टप्प्यावर रोपं मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. काल टवटवीत असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं आणि मातीलगतचं देठ दोऱ्यासारखं बारीक झालेलं असतं. ही बुरशी. ती लागू नये म्हणून वरून पाणी घालू नका. ताटलीत बोटाच्या पेराएवढं पाणी घेऊन ट्रे दहा मिनिटं त्यात ठेवा आणि काढा. पंख्याचा हलका वारा लागू द्या.

चार-सहा पानं आली की रोप पेल्यात हलवा आणि नवरात्राच्या सुमारास, पाऊस ओसरताना, १२ इंची कुंडीत लावा. नर्सरीतली लाल माती एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. वाळली की ती विटेसारखी घट्ट होते. उरलेल्यात कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, वर दोन मुठी निंबोळी पेंड. तळाची भोकं मोकळी आहेत ना, ते पाहून घ्या.

जागा ठरवताना दिशा बघाच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत जवळजवळ येतच नाही. रोज सहा तास ऊन मिळणार नसेल, तर त्या गॅलरीत ही मिरची लावू नये हेच बरं. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत वारा जोराचा असतो, तिथे काठीचा आधार द्या. इतक्या वर मधमाश्या क्वचितच येतात. सकाळी फुलांच्या फांद्यांवर हलकेच टिचकी मारली की परागकण पडतात.

कळ्या दिसेपर्यंत दर १५ दिवसांनी लिटरभर पाण्यात २ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) द्या. कळ्या आल्या की ते थांबवून तेवढंच ०:०:५० (नुसतं पालाश असलेलं खत) द्या. नत्र चालूच ठेवलं तर झाड हिरवंगार दिसतं आणि फूल एक धरत नाही.

सर्वांत छळणारा रोग म्हणजे चुरडा-मुरडा. औषध आणण्याआधी पान हातात घेऊन नीट बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे (थ्रिप्स); कडा खाली वळल्या, होडी पालथी पडली आणि देठ लांबलं तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा बारीक माइट). फुलकिड्यांवर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. तेल आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात. आणि विषाणूने पान आखडलं असेल, म्हणजे पिवळट, बारीक, झुडूप खुजं, तर फवारणीचा उपयोग नाही. ते झाड उपटून टाका.

फळ पूर्ण लाल झाल्यावर कात्रीने देठासकट कापा. हातमोजे घालाच. तिखटपणा बियांत नसतो, तो आतल्या पांढऱ्या शिरांत असतो, आणि तो पाण्याने जात नाही. हाताला लागलाच तर आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण लावा. तोंड भाजलं तर दही खा.

एप्रिलअखेर झाडावर ५० टक्के शेडनेट बांधा. मेअखेर झाड ८-१० इंचांवर छाटून पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला ठेवा आणि माती वरून बोटभर वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. थंड देशांत हिवाळ्याआधी झाड छाटून घरात घेतात, आपण पावसाळ्याआधी घ्यायचं. मुळं तयार असल्याने हे झाड नव्या रोपाच्या बरंच आधी फुलावर येतं.