क्लॉक चिपचे कोडे: नवोदित ड्रायव्हर-लेखकांसाठी

आसुस ईई पीसी ७०१ या छोट्या लॅपटॉपमधील सेलेरॉन एम ३५३ हा प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्झचा असला, तरी बस, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी वाट, १०० ऐवजी ७० मेगाहर्ट्झवर चालत असल्याने तो नऊ पट म्हणजे ६३० मेगाहर्ट्झवरच धावत असे. ही बस लिनक्समधून बदलणारा ड्रायव्हर स्वतः लिहून पाहावा, या हट्टाने मी जुना ७०१ विकत घेतला आणि कित्येक रात्री वाया घालवल्या.

या बसचा वेग क्लॉक चिप, म्हणजे यंत्राच्या भागांना ठोके पुरवणारी चिप, ठरवते; ड्रायव्हरला तिच्याशीच बोलावे लागते. ती ओळखणे सोपे असते. बोर्डावर १४.३१८ असे कोरलेला क्रिस्टल शोधावा आणि त्याच्या शेजारच्या बारीक पायांच्या चिपवरील अक्षरे भिंगातून वाचावीत. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, तिचा पत्ता हेक्स (सोळाच्या पायातील आकडा) डी२ असा दिसतो, पण तो लिहिणे-वाचणे दर्शवणाऱ्या बिटासह असतो. लिनक्सला त्याचा निम्मा, म्हणजे हेक्स ६९, द्यावा लागतो.

मी अडकलो तो सापळा याच्या पुढचा आहे. आयटूसी या चिपशी बोलण्याच्या छोट्या बसवरून रजिस्टरे, म्हणजे चिपमधील साठवणीची घरे, वाचून दाखवणारा आयटूसीडंप हा प्रोग्रॅम नेहमीच्या बाइट पद्धतीने चालवला, तेव्हा २५६ घरांत एकच आकडा उमटला. चिप कुलूपबंद आहे असे मी ठरवून टाकले. वास्तविक ती चोख उत्तर देत होती. या चिप ब्लॉक पद्धतीने बोलतात: कोणतेही रजिस्टर मागा, आधी त्या किती बाइट पाठवणार ती लांबी सांगतात आणि रजिस्टरांतील मजकूर त्यानंतर येतो. मी दर वेळी पहिला बाइट घेऊन संभाषण तोडत होतो, म्हणून २५६ वेळा लांबीच वाचत होतो. लिहितानाही तेच होते. तुम्ही पाठवलेला एकुलता एक बाइट चिप लांबी म्हणून घेते आणि पुढच्या बाइटांची वाट पाहत राहते, त्यामुळे रजिस्टर जागचे हलत नाही. काही चिपमध्ये कमांडचा सर्वांत वरचा बिट १ केल्यास एकेक बाइट हाताळता येतो, परंतु ती सोय गृहीत धरू नये. पूर्ण ब्लॉक वाचावा, त्याची प्रत जपून ठेवावी, हवे तेवढेच बिट बदलावेत आणि पूर्ण ब्लॉक परत लिहावा.

दुसऱ्याच्या कोडमधील आकडे उचलून आपल्या चिपमध्ये लिहिणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. याच आयटूसी बसवर हेक्स ५० या पत्त्यापासून रॅमची माहिती साठवणारी ईईप्रॉम ही स्मृती-चिप असते. पत्ता चुकून तिथे लिहिले गेले, तर ते कायमचे राहते. क्लॉक चिपचे तसे नाही. तिची रजिस्टरे वीज तोडताच मूळ स्थितीवर येतात, तेव्हा यंत्र गोठले तर घाबरून जाऊ नका; बॅटरी काढा आणि पुन्हा सुरू करा. माझे यंत्र किती वेळा गोठले, हे मोजणे मी केव्हाच सोडून दिले. एक वरिष्ठ सहकारी माझ्या प्रत्येक तक्रारीवर ‘पहिला बाइट कसला?’ एवढेच विचारीत. तेव्हा राग येई. आज वाटते, आयते उत्तर देणाऱ्या गुरूपेक्षा ते बरे.

बस एकदम ७० वरून १०० वर नेऊ नये. क्लॉक चिपमधील, बसचा वेग ठरवणारा गुणक एकेकाने वाढवून मध्ये थोडे थांबावे. बदल झाला की नाही, हे प्रोसेसरची माहिती देणाऱ्या प्रॉक-सीपीयूइन्फो या फाइलमधील आकड्यावरून ठरवू नका, कारण तो कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) सुरुवातीलाच मोजून ठेवलेला असू शकतो. मी कर्नलचे घड्याळ टीएससीवर, म्हणजे प्रोसेसरचे ठोके मोजणाऱ्या गणकावर, ठेवले, नेटवरून वेळ जुळवणे बंद केले आणि बस ७७ वर नेली. पडद्यावरचे घड्याळ माझ्या मनगटी घड्याळाच्या पुढे पळू लागले, दर मिनिटाला साधारण सहा सेकंद.