चेकर्स कसा खेळायचा: मारणं सक्तीचं का आहे

घरी चेकर्स खेळताना बरेच जण एक नियम सोडून देतात: मारता येत असेल, तर मारावंच लागतं. हा नियम काढला की डावातला जीवच जातो. दोन्ही बाजू मधोमध तटून बसतात आणि कुणी पुढे सरकत नाही.

बुद्धिबळाचाच ६४ घरांचा पट घ्या आणि तसाच ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात काळं घर येईल. प्रत्येकी १२ प्यादी आपल्याकडच्या तीन ओळींतल्या काळ्या घरांत मांडायची, मधल्या दोन ओळी रिकाम्या. सोंगट्या नसतील तर बाटलीची झाकणं उत्तम, एकावर एक नीट बसतात. पांढऱ्या घरांचा या खेळात काहीच उपयोग नाही. पहिली चाल गडद रंगाची. बुद्धिबळाच्या सवयीने इथे हमखास चूक होते.

प्यादं तिरकं, पुढे, एक घर चालतं. समोरच्या तिरक्या घरात शत्रू आणि त्याच्या पलीकडचं घर रिकामं असेल, तर त्याच्यावरून उडी मारून त्याला उचलायचं. वाघ-बकरीत वाघ बकरी मारतो तसंच. उडी मारून जिथे उतरलो तिथून पुन्हा मारता येत असेल, तर त्याच चालीत पुढेही मारावंच लागतं. मारण्याचे दोन मार्ग असतील तर कुठलाही निवडा, जास्त सोंगट्यांचाच घ्यायला हवा असं नाही. शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं राजा होतं. त्याच्यावर दुसरी सोंगटी ठेवतात. चाल तिथेच संपते, पुढे मार दिसत असली तरी. राजा मागेपुढे दोन्हीकडे चालतो आणि मारतो, पण एकेकच घर. लांब पल्ल्याचा राजा १०० घरांच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात असतो, तो इथे आणू नका.

उडी मारून मारायची ही रीत जुनी. स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये तयार करवून घेतलेल्या खेळांच्या ग्रंथात अल्केर्के आहे: रेघांचा पट, प्रत्येकी १२ सोंगट्या. पुढे हीच मार बुद्धिबळाच्या पटावर आली आणि सक्तीचा नियम सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये रुळला. ब्रिटनमध्ये या खेळाला ड्राफ्ट्स म्हणतात. लंडनच्या विल्यम पेनचं त्यावरचं पुस्तक १७५६ चं. मारायला विसरलेल्याची सोंगटी प्रतिस्पर्ध्याने उचलून घ्यायची, अशी जुनी शिक्षा होती. आता स्पर्धांत ती नाही. चाल परत घेऊन मारायला लावतात, घरीही तेच करावं.

सक्तीचा फायदा कसा घ्यायचा, ते पटावर मांडूनच पाहा. पांढऱ्याच्या बाजूने बसा आणि काळ्या घरांना वरून खाली, डावीकडून उजवीकडे १ ते ३२ आकडे द्या. काळी प्यादी १४ आणि १६ वर, पांढरी २२, २६ आणि ३० वर. पांढऱ्याने २२ चं प्यादं १८ वर सरकवून मुद्दाम मारीत द्यायचं. काळ्याला दुसरा मार्गच नाही: १४ वरून उडी मारून तो २३ वर उतरतो. आता पांढरं २६ उठतं, २३ वरच्याला मारून १९ वर येतं, तिथून १६ वरच्याला मारून १२ वर. एक देऊन दोन घेतली.

आता तोच डाव ३० वरचं प्यादं काढून मांडा. काळा २३ वर थांबतच नाही, २६ वरच्यालाही मारून ३० वर उतरतो आणि राजा होतो. म्हणून मागच्या ओळीतली प्यादी घाईने हलवू नयेत. नवख्यांचे निम्मे डाव मला वाटतं इथेच हातचे जातात. बळी देण्याआधी मारणारा नेमका कुठे उतरेल आणि तिथून त्याला आणखी काय मारता येईल, हे बोटाने मोजा.

समोरच्याच्या सोंगट्या संपल्या किंवा त्याला चालच उरली नाही, तर आपण जिंकलो. कोंडी करूनही डाव मारता येतो, हे लक्षात असू द्या. कुणाचंच पुढे सरकत नसेल तर बरोबरी. दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही तर डाव बरोबरीतच सुटतो, हे अल्बर्टा विद्यापीठाच्या जोनाथन शेफर यांच्या गटाने २००७ मध्ये संगणकाने सिद्ध केलं. पण दोन राजे विरुद्ध एक राजा उरला, तर लगेच बरोबरी मान्य करू नका. एकटा राजा उजव्या हाताच्या कोपऱ्याजवळच्या दोन काळ्या घरांत येरझारा घालत बसतो. दोन्ही राजे जवळ आणून त्याला तिथून बाहेर काढता येतं आणि मग तो सापडतो.