दिवाळी अंकाला कथा पाठवायची असेल तर

गणपती बसल्यावर जाग येऊन उपयोग नाही. एका दिवाळी अंकाकडे येणाऱ्या कथांचं पहिलं वाचन माझ्याकडे असतं, आणि दर भाद्रपदात फोन येतातच, "अजून घेताय का हो?" तोवर कथा चित्रकाराकडे गेलेल्या असतात आणि जाहिरातींची पानं राखून झालेली असतात. मे-जूनमध्ये पाठवा. 2023 किंवा 2026सारखं अधिक महिन्याचं वर्ष असलं की दिवाळी नोव्हेंबरात जाते, पण म्हणून हाताशी महिना जादा आला असं समजू नका. आमच्याकडे तरी छापखान्याची तारीख तेवढी पुढे सरकत नाही.

कोणत्या अंकाला पाठवायची हे आधी ठरवा. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, आता दर वर्षी शेकडो अंक निघतात आणि प्रत्येकाचा वाचक वेगळा. रहस्यकथा, गूढकथा 'धनंजय'कडे शोभते. 'आवाज'ला विनोद हवा. 'साधना'चे बालकुमार आणि युवा अंक वेगळे निघतात. गावातल्या वाचनालयात गेल्या वर्षीचे अंक मिळतील, ते घेऊन बसा. नुसती अनुक्रमणिका चाळू नका. एका पानावरच्या ओळी आणि एका ओळीतले शब्द मोजा, गुणाकार करा, म्हणजे तिथे केवढी कथा बसते ते कळेल. आमच्याकडे 3000 ते 4000 शब्द सुखाने मावतात. 9000 शब्दांची कथा चांगली असली तरी तिच्यासाठी दुसऱ्या दोघांना बाहेर काढावं लागतं, आणि तेवढी चांगली ती क्वचितच असते.

आता मजकुराकडे. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवा. वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फाइलला स्वतःचं आणि कथेचं नाव द्या, 'कथा फायनल नवीन' नावाच्या फायलींचा आमच्याकडे ढीग आहे. मोबाइलवर लिहिणाऱ्यांची एक हमखास चूक म्हणजे 'दुसर्या', 'करणार्या', 'वार्यावर'. रफार चढवून चालत नाही, तिथे 'ऱ' घेऊन त्याला 'य' जोडायचा : दुसऱ्या, करणाऱ्या, वाऱ्यावर. बोलून टाइप केलं असेल तर पूर्णविराम तपासाच, अर्धं पान एका दमात आलेलं असतं. एवढ्याने कथा नाकारत नाही, पण वाचणाऱ्याचा पहिला उत्साह तिथेच सांडतो.

बोलीत संवाद असतील तर ते मोठ्याने वाचून बघा. एकच म्हातारी पहिल्या पानावर 'व्हतं' म्हणते आणि चौथ्या पानावर 'होतं', तेव्हा ती बोली कानाने लिहिलेली नाही हे लगेच कळतं.

सुरुवातीबद्दल माझा हट्टच आहे. पहाट, गजर, चहाचं आधण, खिडकीतून दिसणारं आभाळ : आलेल्या कथांतल्या कितीतरी अशाच उघडतात. मागे निवृत्त एसटी कंडक्टरवरची एक कथा आली होती. दोन पानं सकाळच सकाळ. तिसऱ्या पानावर तो जुनी चामडी बॅग उलटी करतो, तळाशी पाच रुपयांचं एक तिकीट निघतं, फाडलेलं पण कुणाला न दिलेलं. ते कुणाचं, हे त्याला पक्कं आठवतं. आम्ही लेखकाला कळवलं, बॅगेपासून सुरू करा. त्यांनी केलं, कथा लागली. तुमची बॅग कितव्या पानावर आहे ते एकदा बघा.

सोबतच्या पत्राला चार ओळी पुरेत : नाव, पत्ता, मोबाइल, आणि कथा अप्रकाशित आहे असं एक वाक्य. कथेचा आशय समजावून सांगू नका. फेसबुकवर टाकलेली कथा आम्ही प्रकाशित धरतो. एकच कथा एका वेळी चार संपादकांना पाठवू नका, निदान पाठवलीत तर एकाने घेतल्याबरोबर बाकीच्यांना कळवा. एकाच दिवाळीत दोन अंकांत तीच कथा आली की दोन्ही दारं बंद होतात.

दीड महिन्यात उत्तर आलं नाही तर एक फोन करा. रोज सुप्रभातचे संदेश नकोत.

स्वीकृती आली की मानधनाचं स्पष्ट विचारा, संकोच कसला? अनेक छोटे अंक फक्त एक प्रत देतात, ते आधी माहीत असलेलं बरं. मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रूफं, बघायला मिळतील का तेही विचारा. मिळाली तर त्यात कथा नव्याने लिहायला घेऊ नका, फक्त चुका काढा. आणि कथेचा हक्क लेखी लिहून दिल्याशिवाय तुमच्याकडून जात नाही. म्हणून कागद सहीसाठी आला तर आधी पूर्ण वाचा आणि सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा. पुढे संग्रह काढताना प्रकाशक पहिल्यांदा तेच मागतो.