‘पर्यावरणपूरक’ वस्तू घेताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोठ्या अक्षरांतील शब्दापाशीच वाचन थांबवणे. ‘हरित’, ‘नैसर्गिक’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द पुरेशा खुलाशाविना वापरण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. दावा संपूर्ण वस्तूविषयी आहे, तिच्या एखाद्या भागाविषयी आहे, निर्मितीप्रक्रियेविषयी आहे की केवळ वेष्टनाविषयी, हे कंपनीने सांगणे अपेक्षित आहे. शाम्पूच्या बाटलीवर पुनर्चक्रित प्लॅस्टिकचा उल्लेख असेल, तर तो बाटलीपुरता आहे. आतल्या शाम्पूबद्दल त्यातून काहीच कळत नाही. गणेशमूर्तीबाबतही असेच होते. माती शाडूची आहे का, हे आपण आवर्जून विचारतो, पण तिच्यावरचा रंग कशाचा आहे हे विचारायचे राहून जाते. वास्तविक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांत मातीइतकाच बिनविषारी रंगांचाही विचार केलेला आहे.

‘कंपोस्टेबल’ पिशवी घरच्या खतटोपलीत टाकणे ही चूक तर मनापासून कचरा वेगळा करणाऱ्यांकडूनच होते, आणि म्हणून ती अधिक खटकते. महिने उलटूनही पिशवी तशीच राहिली, की ते स्वतःच्या खताला किंवा त्यात घातलेल्या विरजणाला दोष देतात. खरे कारण निराळे असते. अशा पिशव्यांसाठी असलेल्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकातील कसोटी औद्योगिक कंपोस्टिंगची आहे: सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात १८० दिवसांच्या आत ९० टक्के जैवविघटन. गॅलरीतल्या टोपलीत इतकी उष्णता टिकत नाही. तेव्हा पिशवी बाहेर काढावी, ओला कचरा वर्तमानपत्रात गुंडाळावा, आणि अशा पिशव्या आपल्या नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा खतप्रकल्प स्वीकारतो का, याची चौकशी करावी; स्वीकारत नसेल, तर त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्यात काही अर्थ उरत नाही. पिशवीवर मानकाचा आणि उत्पादकाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख नसेल, तर ती घेऊच नये. नुसते ‘विघटनशील’ लिहिलेले असेल, तर किती काळात आणि कोणत्या परिस्थितीत, हे दोन प्रश्न विचारावेत. ‘ऑक्सो’ प्रकारचे, म्हणजे लवकर तुटावे म्हणून रसायन मिसळलेले प्लॅस्टिक हवेने व उन्हाने कुजत नाही, त्याचे बारीक तुकडे होतात. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशान्वये ते बाजारातून हटवण्याचा निर्णय घेतला, तो उगाच नव्हे.

बाजारात ‘कापडी’ म्हणून मिळणारी नॉन-वोव्हन (न विणलेली) पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. कापडात ताणाबाणा दिसतो, हिच्यावर मात्र दाबून उठवलेले ठिपके दिसतात. ३० सप्टेंबर २०२१ पासून दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांना देशात परवानगी नाही. कागदी कपालाही आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो.

काही दावे खरे असूनही निरर्थक असतात. भारताने सीएफसीचे, म्हणजे ओझोनच्या थराला हानी पोहोचवणाऱ्या वायूंचे, उत्पादन व वापर २०१० पर्यंत थांबवला, त्यामुळे आज एखाद्या फ्रिजवर ‘सीएफसीमुक्त’ लिहिण्यात कंपनीचे विशेष कर्तृत्व नाही. प्लॅस्टिकवरील बाणांच्या त्रिकोणातला आकडादेखील प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. तुमच्या गावात ते पुनर्चक्रित होईल, अशी हमी देत नाही.

या साऱ्याला वैतागून प्रत्येक दावा खोटा ठरवणे हीसुद्धा चूकच आहे, कारण त्यामुळे खरोखर खर्च करून सुधारणा करणारा उत्पादक आणि हिरवा रंग फासणारा उत्पादक एकाच पारड्यात जातात. वीजबचतीचे तारे, सेंद्रिय अन्नावरील ‘जैविक भारत’चे चिन्ह आणि मातीच्या मडक्याचे चित्र असलेले ‘इकोमार्क’ चिन्ह यांच्यामागे ठरवून दिलेले निकष आहेत. मात्र एअर कंडिशनर किंवा फ्रिज घेताना ताऱ्यांसोबत लेबलवरचे वर्षही पाहावे, कारण निकष कालांतराने कडक होतात आणि जुन्या लेबलवरचे पाच तारे नव्या पाचांच्या तोडीचे नसतात.

दावा संशयास्पद वाटल्यास वेष्टनाचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, पावती आणि जाहिरात जपून ठेवावी व कंपनीकडे लेखी पुरावा मागावा. उत्तर आले नाही, किंवा आलेल्या उत्तरात तेच विशेषण फिरवून लिहिलेले असले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.